रिकाम्या बसमधली ताई

कचेरीत एक थकवा असतो, मंडळी, तो काम करून येत नाही. तेच ते कागद इकडून तिकडे सारून येतो. वाहतूक खात्यातल्या आपल्या उपसचिवांना तो पुरता जडला होता. देशाची प्रगती झपाट्याने व्हावी म्हणून नवं धोरण लिहायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. देशभरातल्या तोट्यातल्या बसफेऱ्या बंद करायच्या आणि त्या पैशातून कारखान्यांकडे जाणारे रस्ते रुंद करायचे. तोटा कुठे, हे ठरवायची पद्धत त्यांचीच: जितकी तिकिटं, तितके प्रवासी. कसं सुटसुटीत!

रविवारी ते मोठ्या बहिणीकडे गेले. ताई लहानपणापासून कुबडी घेऊन चालायची आणि शहराबाहेरच्या कारखान्यात कपडे शिवायची. भाजी चिरता चिरता तिने विचारलं, "बाळ्या, आमची सकाळची बस बंद होणार म्हणतात. खरं का रे?"

"ती रिकामीच धावते गं, ताई."

ताईने सुरी खाली ठेवली. "रिकामी? अरे, मला उभं राहावं लागतं तिच्यात! म्हातारी माणसं, शाळेची पोरं, माझ्यासारखे पासवाले. मुंगीला शिरायला जागा नसते."

"पण पासवाल्यांना तिकीट..." उपसचिवांची जीभ अडखळली. पासवर फुकट जाणाऱ्याला तिकीट नसतं. आणि तिकीट नाही म्हणजे माणूसच नाही! अरे देवा, आपण सख्ख्या बहिणीला मोजलंच नाही की!

"दुसरी बस नाही रे तिकडे. नोकरी गेली तर या वयात मला कोण ठेवणार?"

"ताई, तू काळजी करू नकोस. उद्या एक फोन करतो, तुझी फेरी वगळायला सांगतो."

ताई हसली, पण ते हसणं दमलेलं होतं. "आणि माझ्या शेजारी उभी असते त्या आजीचं काय? तिचा भाऊ नाही कुठल्या कचेरीत."

"देश पुढे न्यायचा तर कुणाला तरी थोडं सोसावं लागतंच ना."

"मग दरवेळी आम्हीच का? रस्ते करा, कारखाने वाढवा, मला हवेच आहेत. माझी चूल त्यांच्यावरच पेटते. पण मी कारखान्यात पोचलेच नाही, तर कपडे कोण शिवणार? फोनबिन करू नकोस, बाळ्या. तुझी ती मोजायची पद्धत बदल."

दुसऱ्या दिवशी उपसचिव सचिवसाहेबांपुढे उभे राहिले आणि प्रवाशांची मोजणी नव्याने करायला हवी म्हणाले.

"आत्ता? मसुदा तयार झाल्यावर?" साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, वाढीचा वेग मंदावेल!"

"थोडा मंदावेल, साहेब. पण पासवाले मोजल्याशिवाय मी सही करणार नाही."

दुपारभर घासाघीस चालली. दोघांचेही आवाज बसले. शेवटी ठरलं: रस्ते टप्प्याटप्प्याने होतील, आणि सगळ्या प्रवाशांची नव्याने मोजणी होईपर्यंत एकही फेरी बंद होणार नाही.

संध्याकाळी त्यांनी ताईला फोन केला. "तुझी बस वाचेलच, असं मात्र मी सांगू शकत नाही."

"नको सांगूस," ताई म्हणाली. "मोजून बंद केलीत तर आम्हाला भांडता तरी येईल. मोजलंच नाही, तर भांडायचं तरी कुणी?"

नागरिकहो, देश वाढावा, भरभरून वाढावा. पण आपल्या माणसापुरता मिळवलेला न्याय हा निव्वळ वशिला असतो. धोरण लिहिणाऱ्याने आधी सगळ्यांना मोजावं, आणि ज्यांच्यासाठी फोन करणारं कुणीच नाही, त्यांना तर सगळ्यांत आधी!