तिसरी गाठ

बारा खाटांच्या त्या प्रसूतिगृहात सगळ्या जणी तिला मावशी म्हणत. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत. बाकीचे दिवस मावशीचे हात आणि दोन नर्सा. दाखल होणाऱ्या प्रत्येक बाईच्या मनगटावर मावशी पांढरा दोरा बांधायची आणि तिच्यातल्या एकेका धोक्यासाठी एकेक गाठ मारायची. बांधताना गुणगुणायची:

पहिली गाठ बाई, पायांच्या सुजेची
दुसरी गाठ बाई, उणावल्या रक्ताची
तिसरी गाठ बाई, माझ्या उशाशी निजेची

तीन गाठींची बाई मावशीच्या टेबलाला लागून असलेल्या खाटेवर. तिचं पांघरूण दर पाव तासाने उचलून बघायचं. दोन गाठी असल्या तर तासाने. कागद हरवतो, मनगट हरवत नाही, असं मावशीचं म्हणणं.

तीन वर्षांपूर्वी एका गुंतवणूक निधीच्या बाई आल्या. मऊ आवाजाच्या, ऐकून घेणाऱ्या. मावशीला त्या आवडल्या, खोटं कशाला बोला. नुसती देणगी देऊन हात झटकायचे नाहीत, पैशाने काय भलं केलं ते दिसलं पाहिजे, असं मानणाऱ्या लोकांचा पैसा त्यांनी आणला होता. या छपराखाली बाळंतिणी दगावायच्या थांबल्या, तर गुंतवणाऱ्यांना तो थोड्या वाढीसह परत मिळणार आणि प्रसूतिगृह पुढे चालणार. त्यातून पाण्याची टाकी आली, दिवे आले, गाडी आली. मावशीने हौसेने बाईंना गाठी शिकवल्या. बाईंनी वहीत चित्र काढून घेतलं.

पुढच्या वर्षी नियम आला. तीन गाठींची बाई इथे ठेवायची नाही. गाडीत घालून मोठ्या इस्पितळात पाठवायची. नियमात खोट नव्हती. तिथे शस्त्रक्रिया होते, रक्त मिळतं. फक्त मधे चार तासांचा रस्ता होता, आणि रस्त्याला छप्पर नसतं. नऊ जणी गेल्या. सहा जणी बाळाला घेऊन परतल्या. तिघींचे नुसते दोरे आले. ड्रायव्हर ते मावशीच्या टेबलावर ठेवायचा आणि गाडी धुवायला जायचा. छपराखालच्या मृत्यूंच्या, भिंतीवरच्या तक्त्यात मात्र शून्य. दोन्ही वर्षं, शून्य.

मग भाची आली, मावशीच्या वारलेल्या बहिणीची मुलगी. कळा सुरू झाल्या होत्या तरी दारातून चेष्टा करतच आली.

“साऱ्या जगाची तू मावशी. खरी भाची मेली मी एकटीच.”

पाय सुजलेले. पापणी आतून पांढरी. आणि मागच्या खेपेला अंगावरून इतकं गेलं होतं की दोन दिवस शुद्ध नव्हती.

मावशीने पहिली गाठ मारली. दुसरी मारली. खिडकीबाहेर ड्रायव्हर चाकात हवा भरत होता. तिच्या बोटांनी तिसऱ्या गाठीचा फास केला, क्षणभर धरला आणि सोडून दिला. गाणंही दुसऱ्या ओळीवरच राहिलं.

“दोनच?” भाची म्हणाली. “मग धडधाकट आहे की मी.”

“आहेसच. आणि मी आहे ना इथे.”

तिने नर्सांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नियम मोडल्याचा दोष त्यांच्याही माथी आला असता. गाठ मनात मारली तरी पुरे, असं तिला वाटलं. लक्ष ती स्वतःच ठेवणार होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी झाली. बाळामागून पडलेली वार मावशीने उलटसुलट करून पाहिली, पूर्ण होती. भाचीला तिने टेबलाजवळ घेतलं नाही. तिथे दोन गाठी दिसल्या असत्या तर कुणीही विचारलं असतं. टोकाच्या खाटेवर निजवलं, आणि ती पाव तासाला तिथे जात राहिली. तेवढ्यात निधीच्या बाई चार पाहुण्यांना घेऊन आल्या. पुढच्या खोलीत खुर्च्या मांडल्या गेल्या. मावशी दोनदा उठली. बाईंनी दोनदा मायेने हात धरून बसवलं. एका पाहुण्याला जाणून घ्यायचं होतं की हे शून्य राखता कसं. मावशी त्याला गाठींचं सांगत बसली.

आत धाकटी नर्स होती. दोन गाठी, म्हणजे तासाने. घड्याळ पाहून ती बरोबर तासाने गेली आणि तिने पांघरूण उचललं.

भाचीने हाक मारली नव्हती. तिचा डोळा लागला असेल असं शेजारणीला वाटलं होतं. गादी खालपर्यंत भिजली होती. मनगटावरचा दोरा तेवढा पांढरा राहिला होता.

निधीच्या बाई रडल्या, मनापासून रडल्या. मग त्यांनी दोरा पाहिला, भाचीचा कागद वाचला. तिसरी गाठ असती तर ती आज मोठ्या इस्पितळात असती, एवढंच हलकेच म्हणाल्या. असती कदाचित. किंवा रस्त्यात. मावशीला ते ठाऊक नव्हतं, आणि आता ते कधीच कळणार नव्हतं.

धाकटी नर्स मोरीपाशी हात घासत उभी होती, कोपरापर्यंत लाल होईतो.

“मावशी, मी तासालाच गेले. दोनच होत्या ना? मी परत परत मोजल्या.”

नुसतं हो म्हटलं असतं तरी ते खरं ठरलं असतं.

“दोनच होत्या,” मावशी म्हणाली. “मी खोट्या बांधल्या होत्या. तुझं काही चुकलं नाही, बाळ.”

नर्सचे हात थांबले. ती नळ तसाच वाहता ठेवून बाजूला झाली.

चार दिवसांनी एक बाई आली, सुजल्या पायांची. मावशीने दोरा घेतला. पहिली, दुसरी, तिसरी. गाणं नव्हतं. धाकटी नर्स बाजूला उभी राहून बोटं बघत होती. बांधून झाल्यावर ती पुढे झाली. त्या बाईच्या घोट्यात बोट दाबून तिने खड्डा पाहिला, पापणी खाली ओढून पाहिली, मागच्या बाळंतपणाचं सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारलं. आणि मगच ड्रायव्हरला हाक मारली.