एक्केचाळीस नंबरची बाटली

"मामा, खरं सांगा, कळलं का?" अक्षराने विचारलं. नागप्पाच्या हातातली बाटली केव्हाच धुऊन झाली होती, तरी तो ती धूतच होता.

शनिवारची सकाळ होती. अकरा वाजता विद्यापीठाच्या सभागृहात स्पर्धा सुरू व्हायची होती. संशोधकांनी चार मिनिटांत आपलं संशोधन सांगायचं, आणि तेही साध्या माणसाला कळेल असं. समोर परीक्षकांसोबत तीन साधी माणसंही बसवायची होती. कळलं तर हिरवा कागद दाखवायचा, नाही कळलं तर लाल. नांदेडसारख्या शहरात साधी माणसं काही कमी नाहीत, पण आयोजकांनी लांब जायचा त्रास घेतला नाही. एक ऑटोवाला धरला, एक कँटीनवाल्या बाई धरल्या आणि तिसरा प्रयोगशाळेतला परिचर नागप्पा.

अक्षरा उदगीरची. पीएच.डी.चं शेवटचं वर्ष. हुशार पोरगी, पण चार माणसांपुढे उभं राहायचं म्हटलं की तिची बोबडी वळायची. म्हणून आठवडाभर सापडेल त्याला पकडून ती भाषण ऐकवत होती. आज नागप्पाची पाळी आली होती.

अठ्ठावीस वर्षं नागप्पा तिथे भांडी धूत होता. त्याने धुतलेल्या भांड्यांवर सतराजण डॉक्टर झाले. त्यातल्या एकालाही आपण काय शोधतो आहोत हे त्याला सांगावंसं वाटलं नव्हतं, आणि त्यानेही कधी विचारलं नव्हतं. आज पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं, आणि ते नको तितकं कळलं.

अक्षराचं म्हणणं असं होतं. खोल बोअरचं पाणी नितळ दिसतं, गोड लागतं. पण खडकातून त्यात फ्लोराइड नावाचा क्षार उतरतो. थोडा असला तर चालतो. जास्त झाला की लहान पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे उठतात आणि मोठ्यांच्या हाडांत तो साठत जातो. गुडघे धरतात, कंबर वाकेनाशी होते, मान वळेनाशी होते. लोक म्हणतात वात आहे आणि पाणी उकळून पितात. उकळल्याने जंतू मरतात, क्षार मरत नाही. पाणी आटतं, तो मात्र होता तेवढाच राहतो. लिटरमागे दीड मिलिग्रॅमपर्यंत चालतं. एक्केचाळीस नंबरच्या बाटलीत निघालं पाच पूर्णांक दोन.

एक्केचाळीस नंबर नागप्पाने लगेच ओळखला.

तपासायच्या होत्या चाळीसच बाटल्या. चाकूरकडच्या सहा गावांचं पाणी आणायचं काम त्याच्याकडे होतं, कारण दर शनिवारी तो गावी जायचा. एक बाटली जास्तीची निघाली. रिकामी परत कशाला न्यायची, म्हणून त्याने ती आपल्याच दारातल्या बोअरवर भरली, नंबर टाकला आणि विसरून गेला.

लातूरला रेल्वेने पाणी आलं त्या उन्हाळ्यात त्याने ते बोअर पाडलं होतं. सहाशे फुटांवर पाणी लागलं तेव्हा गल्लीतल्या बायांनी त्याच्या पायावर डोकं ठेवलं होतं. त्याने पाणी कुणाला नाही म्हटलं नाही. श्रावणी सोमवारी अजूनही बोअरपुढे नारळ फुटायचा. आणि घरात त्याची बायको गुरम्मा पाच वर्षांपासून भिंतीला धरल्याशिवाय उठत नव्हती. "पाणी उकळून पीत जा," असं तिला त्यानेच शिकवलं होतं. इकडे नात साक्षी अलीकडे हसताना तोंडावर हात धरायला लागली होती. पोरीला लाज आली, मोठी झाली, म्हणून त्याला केवढं कौतुक वाटलं होतं.

"मामा?"

"कळलं की. लई चांगलं सांगितलं." त्याने नळ बंद केला. "ताई, ते एक्केचाळीस नंबर गाळता न्हाई का येणार?"

"तोच तर माझा मुख्य मुद्दा आहे, मामा. तो काढला तर राहिलं काय?" मग ती हसून म्हणाली, "आणि गावाचं नाव नाही सांगायचं. मग घाबरायचं कुणी?"

घाबरायचं कुणी ते नागप्पाला माहीत होतं.

सभागृह गच्च भरलं होतं. तो पहिल्या रांगेत, मांडीवर दोन कागद ठेवून बसला. एका संशोधकाने साडी ताणून धरली, तिच्यावर लिंबू टाकलं आणि ताऱ्याचा उजेड कसा वाकतो ते दाखवलं. दुसऱ्याने सोयाबीनच्या पिवळ्या रोगावर अशी काही बतावणी केली की ऑटोवाला मांडीवर थापा मारून हसला. नागप्पा शेजारच्याचं बघून कागद वर करत होता. त्याच्या कानात फक्त 'पाच पूर्णांक दोन' घुमत होतं.

मग अक्षरा आली. सुरुवातीला आवाज कापला, पण नागप्पाकडे नजर गेली आणि ती सावरली. सकाळी त्याला सांगितलं तसंच तिने आता सगळ्यांना सांगितलं. चार मिनिटांची घंटा व्हायच्या आत संपवलं. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही.

बाहेरगावाहून आलेले परीक्षक सोन्याच्या काड्यांचा चष्मा पुसत म्हणाले, "बाकी चाळीस आकडे तीनच्या आत आणि हा एकटाच पाचच्या वर? मला शंका येते. नमुना कुणी घेतला?"

"प्रयोगशाळेतल्या परिचरांनी, सर."

"शिपायाने! मग झालं. बाटली विसळली नसेल धड." लोक हसले. "चूक असू शकते ना?"

अक्षराच्या तोंडचं पाणी पळालं. ती हातातले कागद चाळायला लागली.

म्हणा ताई, चूक म्हणा. नागप्पाने मनातल्या मनात सगळे देव आळवले. एकदा चूक ठरली की बोअर चांगलं, गल्लीतला मान चांगला, आणि गुरम्माच्या गुडघ्यात पुन्हा नुसता वात. त्याने फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं तर त्याला अठ्ठावीस वर्षं जमलं होतं.

"शक्य आहे, सर," अक्षरा पुटपुटली.

नागप्पा उभा राहिला. आपण उभे आहोत हे त्याला उभं राहिल्यावर कळलं.

"बाटली धुतलेली होती, सर."

"तुम्ही कोण?"

"शिपाई." नागप्पा बोटांवर मोजायला लागला. "पिलास्टिकची बाटली. हितून तीनदा धुऊन नेली. तिथं त्याच पाण्यानं आनिक तीनदा खंगाळली. बोअर पाच मिनिटं वाहू दिलं, मग भरली. अठ्ठावीस वर्षं झाले, हेच करून राहिलो. चूक न्हाई."

"इतक्या बाटल्यांमधली ही एकच कशी लक्षात राहिली?"

"बोअर माझंच हाय, सर," नागप्पा म्हणाला. "नऊ वर्षं झाले, सगळी गल्ली तेच पिती."

त्याने हातातला हिरवा कागद वर धरला, आणि मग काय करावं ते न सुचून खाली बसला.

निकालाला तो थांबला नाही. अक्षराने त्याला फाटकाजवळ गाठलं. तिचे डोळे भरून आले होते.

"मामा, सकाळीच मला सांगायचं होतं ना!"

"पाणी तपासून सहा महिने झाले, तुमी तरी कुठं सांगितलं होतं, ताई?" तो रागावून बोलला नव्हता, म्हणून तिला ते जास्तच लागलं.

"चुकलंच माझं. अहवाल छापून आला की कळवायचं, असं ठरलं होतं... मी येते तुमच्याबरोबर. मी समजावते सगळ्यांना."

"तुमी सोमवारी या. आज मी सांगतो. त्यानला माझ्या तोंडून ऐकू द्या." पिशवी पुढे करत तो म्हणाला, "एक बाटली द्या फक्त."

गावाकडची बस लोह्याच्या पुढे गेली तसा त्याला घाम फुटला. अहमदपूर येईपर्यंत त्याने मनातल्या मनात दहा वेळा भाषण केलं आणि दहाही वेळा पहिल्याच वाक्याला अडला. पळून जावं, आल्या बसने नांदेडला परतावं, असंही वाटून गेलं. अक्षराला मंचाची भीती वाटायची. पण तिच्यासमोर होती परकी माणसं. ज्यांना आपल्याच हाताने पाजलं त्यांच्यापुढे उभं राहायचं, ही भीती कुठल्या मापात मोजायची?

तो पोचला तेव्हा दिवस मावळायला टेकला होता. बोअरपुढे घागरींची रांग लागली होती. गल्लीत तो अण्णा; शनिवारी अण्णा आले की तेच मोटारीचं बटण दाबणार, हा नऊ वर्षांचा शिरस्ता. गुरम्मा भिंतीला धरून उठली आणि तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. घसा सुकून गेला होता, तरी त्याने तो ओट्यावर ठेवला.

"अण्णा, दाबा की बटन," शेजारची चतुराबाई म्हणाली. "सैपाक खोळंबलाय."

"चतुराबाई, थांबा. सगळ्याजणी थांबा. मला चार मिनिटं बोलायचंय."

तो बोलला. अक्षरासारखं धड नाही. मागचं पुढे, पुढचं मागे झालं. पण दात सांगितले, गुडघे सांगितले, उकळलेलं पाणी सांगितलं. धुण्याभांड्याला चालेल, पण पिण्याला आणि स्वयंपाकाला हे पाणी नको, असं सांगितलं. साक्षीने ऐकता ऐकता तोंडावर हात नेला, तेव्हा तो वाक्याच्या मध्येच अडला. तरी त्याने शेवटपर्यंत सांगितलं.

मग चतुराबाईने विचारलं, "म्हंजे आमच्या उज्वलाच्या गुडघ्यापायी दोन सोयरिकी मोडल्या, त्या ह्या पाण्यानं?"

"हाव."

"तुमी पाजलाव आमाला, अण्णा."

"हाव," नागप्पा म्हणाला. "मीच पाजलो."

गुरम्माने तांब्या उचलला आणि तिथेच ओतून टाकला. मग रिकामी घागर कमरेवर घेऊन, ताठरलेले गुडघे ओढत, शाळेमागच्या जुन्या आडाची वाट धरली. नऊ वर्षांत त्या वाटेला कुणी गेलं नव्हतं. एकेक करून बाकीच्या बाया तिच्या मागे निघाल्या. नागप्पाकडे कुणी बघितलं नाही.

दोर-बादली घेऊन तो सगळ्यांच्या मागे गेला. आडावर पहिली बादली त्याने ओढली आणि पिशवीतून बाटली काढली. "हे बी तपासून घेतो. मगच खरं," तो म्हणाला. बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या राहिल्या. त्याने बाटली एकदा खंगाळली, पाणी फेकलं. दुसऱ्यांदा खंगाळली. तिसऱ्या वेळी त्याचे हात असे कापायला लागले की पाणी बाटलीत जाईना.

चतुराबाईने आपली घागर खाली ठेवली, पुढे झाली आणि बाटली खालून धरली.

"ओता," ती म्हणाली.