बिनकुंकवाचं पुडकं

आमच्या दुकानात बयाण्याच्या मालाचं वेगळं कपाट आहे. बाईला साडी आवडते, पण पैसे एकदम जुळत नाहीत. मग ती थोडे आगाऊ देते, आम्ही साडी पुडक्यात बांधून वर नावाची चिठ्ठी लावतो आणि बाकीचे महिन्या-महिन्यानं घेतो. लग्नाचं पुडकं असेल तर मी त्यावर कुंकवाचं बोट ओढते. मी कामाला लागले त्याच्या आधीपासूनची ही रीत. बोट ओढलेल्या पुडक्याला मालकसुद्धा हात लावत नाहीत. लातूरच्या या दुकानात मी अकरा वर्षं काउंटरवर उभी आहे आणि माझ्या हातचं एकही पुडकं कधी इकडचं तिकडं झालं नव्हतं. हे मी मोठ्या तोऱ्यात सांगत असे. आता सांगत नाही.

सरजाबाई औशाच्या. शाळेत खिचडी शिजवतात. लेकीच्या, लुंबिनीच्या लग्नासाठी त्यांनी पांढरीशुभ्र, बारीक जरीकाठाची साडी निवडली. त्या बौद्ध, त्यांच्याकडं नवरी पांढऱ्या साडीत उभी राहते. मला हे माहीत होतं. इतकी वर्षं साड्या विकून एवढंही माहीत नसतं तर लाजच होती. पुडकं बांधून झालं आणि सवयीनं माझं बोट करंड्यात गेलं, तशा त्या हळूच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या ताई. आमच्यात ते न्हाई करीत."

मी बोट पुसलं. चिठ्ठीवर नाव लिहिलं, बाकी किती ते लिहिलं. 'लग्न' तेवढं लिहिलं नाही. बाकीच्या पुडक्यांवर ते लिहायची कधी वेळच येत नसे, कुंकूच सांगायचं. दोन अक्षरं होती. पेन हातातच होतं.

पुढचे पाच महिने सरजाबाई न चुकता येत राहिल्या. शेवटचे सहाशे घेऊन त्या आल्या त्या शनिवारी. सोबत लुंबिनी, हाताला ताजी मेंदी. लग्न रविवारी, दुपारी बाराला. मी हसून कपाट उघडलं आणि पुडकं दिसेना. मागं सरकलं असेल म्हणून सगळा खण रिकामा केला. मग खालचा केला.

"काय हुडकायलात?" गल्ल्यावरून सुदर्शनशेठनं विचारलं. मालक म्हणायला मालक, पण माझ्याहून दहा वर्षांनी लहान.

"सरजामावशींची पांढरी."

"ती व्हय? ती काल गेली की."

काल म्हणजे शुक्रवारी. मी रजेवर होते. व्यंकटी नावाचं आमचं जुनं गिऱ्हाईक सकाळीच दारात येऊन उभं राहिलं. त्याची आई वारली होती. म्हातारी विधवा, शेवटची साडी पांढरी पाहिजे होती. दुकानात पांढरी नव्हती. सुदर्शननं बयाण्याचं कपाट उघडलं.

"कुंकू नव्हतं तनुजाबाई," तो सांगत होता, आणि त्याचा आवाज खाली खाली चालला होता. "पांढरी, आन बिनकुंकवाची. मला वाटलं कुण्या म्हातारीनं आपली आपल्यासाठीच ठिवली आसंल. तिला काय घाई न्हाई, दुसरी आणून ठिवू म्हणलं. ह्याला तर आत्ताच लागत व्हती."

"माज्या लेकीच्या लग्नाची हाय ती," सरजाबाई म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसतं सांगत होत्या, जणू आम्हाला अजून कळलंच नसेल.

मला काय सुचलं कोण जाणे. म्हटलं, फोन तर लावा, राहिली असेल एखादे वेळी तशीच. बुडत्याला काडीचा आधार. सुदर्शनला मोबाईल स्पीकरवर टाकून, काउंटरवर ठेवून बोलायची खोड आहे. तसाच त्यानं लावला. त्यानं विचारायच्या आधीच व्यंकटी पलीकडून बोलू लागला.

"शेठ, तुमचे लई उपकार झाले. काल सांजच्यालाच रानात अग्नी दिला. आई जित्ती होती तवर असली साडी घेणं झालं न्हाई माज्याच्यानं. लई शोभली तिला. गावातल्या बाया म्हणाल्या, म्हातारी देवीसारखी दिसायली."

सुदर्शननं घाईघाईनं फोन बंद केला. सगळं सगळ्यांनी ऐकलं होतं. भांडायला कुणी हातात सापडावं तर तेही नाही. व्यंकटीला काय म्हणायचं? सुदर्शनलाही मी कोणत्या तोंडानं बोलणार होते?

मी चप्पल पायात सरकवली आणि गोलाईच्या बाजारात धावले. पाच दुकानं पालथी घातली. पांढरी म्हटलं की कुणी मिलचं जाडंभरडं पातळ पुढं टाकी, कुणी निळ्या फुलांची दाखवी. एक जण म्हणाला, सोमवारी माल येतोय. मी त्याच्यावर विनाकारण खेकसले आणि हात हलवत परत आले.

तोवर सुदर्शननं एक चिठ्ठी लिहून ठेवली होती: तशीच साडी, त्याच भावात, माल आल्यावर. खाली सही, शिक्का. चिठ्ठी खरी होती, आमचं दुकान शब्दाला पक्कं आहे. सरजाबाईंनी ती उलटी-सुलटी करून पाहिली.

"लगीन उद्या हाय, बाबा," त्या म्हणाल्या.

मग त्यानं शालू काढले. लाल, हिरवा, मोरपंखी. दुप्पट-तिप्पट किमतीचे. "मावशी, ह्यातला कोणता बी न्या. वरचा एक रुपाया घेणार न्हाई." तो मनापासून बोलत होता. डोळे भरले होते त्याचे. सरजाबाई शालूंकडं बघतसुद्धा नव्हत्या. त्या तक्क्याला टेकून खाली बसल्या आणि म्हणाल्या, "म्या पांढऱ्यातच उभी ऱ्हायले व्हते. साधं मांजरपाट व्हतं. हिला चांगली घ्यावी म्हणलं."

लुंबिनी पुढं झाली. ती आईशेजारी येऊन बसली.

"आई, मला तर रंगीतच पाहिजे होती," ती म्हणाली. "तुझ्यापायी पांढरीला हो म्हणले. बरंच झालं की."

सरजाबाईंनी तिच्याकडं पाहिलं. "खरं?"

"खरंच."

आईच्या चेहऱ्यावर जरा जीव आला. मी सगळे शालू लुंबिनीपुढं उलगडून ठेवले आणि विचारलं, "बोल बाळा, कोणता बांधू?"

तिनं खाली पाहिलंच नाही.

"कोणता बी द्या," ती म्हणाली.

अकरा वर्षांत, जिला रंगीत हवी आहे अशी एकही नवरी मला तसं म्हणालेली नाही.