पानावर ठेवलेला हात

साहेब, तुम्ही शाळेच्या तपासणीला आलात आणि माझी पहिलीची पोरं काढून वनमालाबाईंच्या तुकडीत घातलीत, आणि कोण खरंच वाचतंय ते न तपासताच घातलीत.

मला बाईंचा हेवा वाटतो, हे आधीच कबूल करतो. त्या ट्रेनिंग करून आल्या. मी निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलो. मराठी अक्षरं येरमाळ्यातल्या दुकानांच्या पाट्या बघून एकट्यानं गिरवली. म्हणून पोरांनी घरची गोष्ट सांगायची, मी ती त्यांच्याच बोलीत फळ्यावर लिहायची, मग त्यांनी वाचायची, अशी माझी रीत.

तपासणीच्या दिवशी माझ्या गुंडाप्पाला "आमची शेळी व्याली" एवढं वाचायला लई वेळ लागला. तुम्ही घड्याळ बघितलं. मग बाईंच्या शारदानं पुस्तकातला धडा घडाघडा म्हटला. तुम्ही "वाहवा!" म्हणालात. मी उठून तिच्या पानावर हात ठेवला. पोरगी थांबलीच न्हाय.

"साहेब, ही कुठं बघून वाचतीय?"

"गुरुजी, जळू नका," तुम्ही हसलात. "बाईंकडून शिका जरा."

काल गुंडाप्पा रस्त्यात भेटला. लई खुशीत होता. "गुरुजी, आता वाचाय सोपं झालंय. पुस्तकात बघावंच लागत न्हाय."

व्हय साहेब, मी जळतोय. पण माझा हात पानावर असताना शारदा काय वाचत होती, आणि माझी पोरं मला परत कधी देता? दोन्हींचं उत्तर लेखी द्या.