वालुसिंबीची गांधीलमाशी

आपलं नाव मागे राहावं म्हणून माणसं काय काय करतात. कोणी देवळाला घंटा देतं, कोणी शाळेला खोली बांधून देतं. डॉक्टर नान्सिकोंबीच्या जमातीला, म्हणजे कीटकशास्त्रज्ञांना, एक किडा पुरतो. नव्या किड्याच्या शास्त्रीय नावात आपलं आडनाव बसलं की ही माणसं धन्य होतात, मग तो किडा खसखशीच्या दाण्याहून लहान का असेना. फक्त स्वतःचं नाव स्वतःच द्यायचं नाही. तसा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण रीत आहे, आणि ती मोडणाऱ्याला हे लोक मेल्यावरही हसतात. तेव्हा दुसऱ्या कुणाला तरी आपली आठवण होईपर्यंत वाट पाहत बसायचं.

वालुसिंबी सर म्हातारे होईपर्यंत वाट पाहत बसले होते.

कंपालातल्या त्या संग्रहालयात कीटक विभाग म्हणजे वालुसिंबी, असं एके काळी होतं. मग प्रोफेसर लुब्वामा संग्रहालयाचे प्रमुख झाले. लुब्वामांनी आल्या आल्या किड्याची एक ‘नवी’ जात शोधली, वर्तमानपत्रात फोटो छापून आणला, मंत्र्याला बोलावून केक कापला. वालुसिंबींनी तिची पाहणी केली आणि अर्ध्या पानाचा लेख छापला की ही जात नवी नाही, शंभर वर्षांपूर्वीच कुणीतरी नोंदवून ठेवली आहे. या धंद्यात याला नाव बुडवणं म्हणतात. जुनं नाव तरतं, नवं बुडतं, रडारड चालत नाही. लुब्वामांनी हसून हात मिळवला आणि महिन्याभरात वालुसिंबींना शाळेच्या सहलींना पेंढा भरलेली मगर दाखवायच्या कामावर बसवलं. निवृत्त होईपर्यंत ते मगरच दाखवत होते.

नान्सिकोंबी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. मगरीच्या मागच्या खोलीत बसून तिने त्यांच्याकडून विद्या घेतली. किड्याच्या अंगावरच्या एका केसाची जागा चुकली म्हणून त्यांनी तिचा अख्खा प्रबंध परत लिहायला लावला होता. ‘‘पोरी, किड्याला तुझी कीव येत नाही, तू त्याच्याशी खोटं बोलू नकोस,’’ असं म्हणायचे. तिने ते अंगात मुरवून घेतलं होतं.

म्हणूनच केळीच्या बागेत कोळ्याच्या अंड्यांच्या पिशवीतून ती गांधीलमाशी निघाली, तेव्हा नाव कुणाचं द्यायचं याचा तिला क्षणभरही विचार करावा लागला नाही. माशी अशी की हिच्या माद्यांना पंखच नसतात. कोळ्याच्या अंड्यात त्या आपलं अंडं घालतात आणि हिची अळी ते अंडं आतून फस्त करते. बाहेर येते ती एक गोल, काळी, तुकतुकीत मादी, जिला नुसत्या डोळ्यांनी पाहणारा धूळ समजून झटकून टाकील. तिच्या अंगावरची जाळीदार नक्षी, मिशांची जाडी, पाठीवरच्या रेघा, सगळं मापून, चित्रं काढून नान्सिकोंबीने लेख छापला. जात नवी, नाव वालुसिंबींचं. संग्रहालयाच्या सभेत ते वाचून दाखवलं तेव्हा लुब्वामांना टाळ्या वाजवाव्या लागल्या. त्या टाळ्यांचं सुख तिला पुढे किती तरी दिवस पुरलं, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

सरांनी लेखाचं पहिलं पान काचेत बसवून राजाच्या फोटोशेजारी भिंतीवर टांगलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला, दूधवाल्यालासुद्धा, ते वाचून दाखवायचे.

आता लोकांना वाटतं की अशा गोष्टी मोठ्या आवाजात कोसळतात. ही कोसळली एका काचेच्या नळीत. नान्सिकोंबीने त्याच कोळ्याची अंड्यांची नवी पिशवी त्या नळीत घालून खिडकीत ठेवली होती, नळीच्या तोंडाला कापसाचा बोळा लावून. सकाळी पाहते तर आत माद्या तर होत्याच, पण चार-सहा पंखवाले बारीक नरही बागडत होते. आपल्या जातीचा नर अजून कुणी पाहिला नव्हता, म्हणून ती हरखली. एक नर तिने सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्याच्या मिशीच्या पाचव्या पेरावर एक वाकडा दात होता.

तो दात तिने चित्रात पाहिलेला होता. तिच्या लेखाच्या दोन वर्षं आधी बेल्जियमहून एक पाहुणा आला होता. लुब्वामांनी त्याला गाडी दिली, परवाने दिले, घरी जेवायला नेलं. पाहुण्याने आठवडाभर जंगलात किडे पकडायला पाण्याने भरलेल्या पिवळ्या थाळ्या ठेवल्या, त्यांत पडलेला एक पंखवाला नर उचलला, तो नवी जात म्हणून छापला आणि यजमानाचं नाव त्याला दिलं. एकाकडे नुसता नर, दुसरीकडे नुसत्या माद्या, आणि दोघांची तोंडं कुठेच जुळत नाहीत. ही चूक फक्त याच जमातीत होऊ शकते: नवऱ्याला एक जात ठरवायचं आणि बायकोला दुसरी.

तिने आणखी पिशव्या आणल्या, बोळे दुहेरी लावले. प्रत्येक वेळी तेच दोघे एकत्र बाहेर आले. जात एकच होती. आधीचं नाव लुब्वामांचं होतं, तेव्हा तरणार ते, आणि बुडणार ते वालुसिंबींचं. जगात हे फक्त तिला माहीत होतं. तोंड मिटून ती नळी मोरीत ओतली असती तर कोंबडंही आरवलं नसतं.

रविवारी ती साखर आणि पाव घेऊन सरांच्या घरी मुकोनोला गेली. तिकडच्या रीतीप्रमाणे चटईवर गुडघे टेकून तिने नमस्कार केला. सरांची बायको, जुळ्यांची आई म्हणून सगळा गाव जिला नालोंगो म्हणे, तिने केळीच्या पानात उकडलेला, कच्च्या केळ्यांचा वाफाळता मटोके आणि शेंगदाण्याची आमटी पुढे ठेवली.

‘‘सर, एक वाईट बातमी आहे.’’

‘‘मग आधी जेव. उपाशीपोटी वाईट बातमी सांगितली की आवाज चिरका येतो.’’

जेवण झाल्यावर तिने सगळं सांगितलं. दाताचं चित्रही काढून दाखवलं. सर बराच वेळ बोटं पुसत राहिले.

‘‘लुब्वामाला बोललीस?’’

‘‘नाही. तुम्हाला आधी.’’

‘‘मग बोलू नकोस.’’

तिला वाटलं थट्टा करतायत. ती हसलीसुद्धा.

‘‘हसतेस काय? नर बाहेरून घुसले असतील. बोळा सैल राहिला असेल.’’

‘‘सर, बोळा लावायला मला तुम्ही शिकवलंत.’’

‘‘मग नीट शिकली नसशील!’’ ते खेकसले. मग आवाज उतरला. ‘‘बरं, नीटच शिकलीस. ते नर मला माहीत आहेत. तू शाळेत पाटी फोडत होतीस तेव्हापासून मी त्यांना त्या पिशव्यांतून निघताना पाहतोय.’’

नान्सिकोंबीला आधी नीट कळलंच नाही. ‘‘म्हणजे मी लेख घेऊन आले तेव्हा तुम्हाला...’’

‘‘त्या बेल्जियमवाल्याचं चित्रही मी पाहिलं होतं. तू लेख पुढे केलास त्याच क्षणी मला कळलं.’’

‘‘मग का नाही बोललात?’’

‘‘वर माझं नाव होतं, पोरी.’’

एवढंच. ज्या माणसाने एका केसासाठी तिला वर्षभर रडवलं होतं, तो हे इतक्या सहज बोलला की तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

‘‘लुब्वामांची जात तुम्ही बुडवलीत. त्यांनी तेव्हा हात जोडले असते तर तुम्ही थांबला असतात?’’

‘‘दुसऱ्याचं नाव पुसायला काय लागतं? मला तेव्हा वाटायचं, फार मोठं धैर्य लागतं. काही लागत नाही.’’ त्यांनी भिंतीकडे पाहिलं नाही, पण तिला त्यांच्या मानेवरून कळलं की त्यांना तिकडेच पाहायचंय. ‘‘मी काही आता फार दिवसांचा नाही. मी गेलो की लिही. तोपर्यंत राहू दे. आणि बुडवायचंच होतं तर दुसऱ्या कुणाच्या नावाखाली तरी बुडवायचंस. त्याच्या नावाखाली?’’

भांडी उचलायला आलेली नालोंगो दारात थांबली. ‘‘एका माशीपायी म्हाताऱ्याला हात जोडायला लावतेस? तुला मी माझ्या मुलींच्या ताटात जेवू घातलंय.’’

नान्सिकोंबी उठली. बसथांब्यापर्यंत ती रागाने भरभर चालत गेली आणि तिथे उभी राहून रडली. आयुष्यभर सत्याचे धडे देणाऱ्याने एखादं खोटं पोटाशी धरावं, आणि वर ते आपल्यालाही धरायला सांगावं, हे तिला सोसेना. दयाही येत होती. तिची दया आणि तिचा राग यांत काय जास्त, हे तिला ठरवता येईना.

पावसाळाभर तिने तो विषय बंद ठेवला. मग एका सकाळी बसली आणि अर्ध्या पानात सगळं लिहून टाकलं. शास्त्रासाठी लिहिलं, असं तिने स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर निम्मं शास्त्रासाठी होतं आणि निम्मं त्या माणसावर सूड म्हणून, ज्याने तिचा गुरू तिच्यापासून हिरावून घेतला होता. तो माणूस आणि गुरू एकच होते, हाच तर घोळ होता.

लेख छापून आला त्या दिवशी लुब्वामा स्वतः चालत तिच्या टेबलापाशी आले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘‘याला म्हणतात शिष्या! वालुसिंबीने मला बुडवलं, हिने वालुसिंबीला. विद्या वाया गेली नाही हो!’’ आणि खो खो हसले. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्या पाठीवर पहिल्यांदा हात ठेवला. तिला तो झटकावासा वाटला, पण तिने झटकला नाही.

पुढच्याच महिन्यात लुब्वामांनी तिला कीटक विभागाची प्रमुख केलं. ही जागा तिने दोनदा मागितली होती आणि दोनदा तिला नाकारली होती. चहाच्या खोलीत ती शिरली की सहकाऱ्यांचं बोलणं थांबायचं. एकदा मात्र थांबायला उशीर झाला.

‘‘गुरूला विकलं, पण भाव बरा मिळाला हं.’’

तिने कप भरून घेतला आणि बाहेर आली. त्यांना काय सांगणार होती? नाही विकलं म्हणाली असती तर खुर्ची परत का करत नाहीस, असं कुणीतरी विचारलं असतं. आणि खुर्ची तिला हवी होती. वालुसिंबींनंतर त्या विभागाची वाळवी लागलेली कपाटं कुणी उघडलीही नव्हती. ती उघडायची होती. हे खरं होतं, तरी कुणाला पटण्यासारखं नव्हतं.

नाताळाच्या आधी ती साखर आणि पाव घेऊन मुकोनोला गेली. माफी मागायची नव्हती. तिला त्यांच्यासमोर नुसतं बसायचं होतं, त्यांनी शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. अंगणात पोहोचली तेव्हा घरात रेडिओ मोठ्याने चालू होता. नालोंगो दारात आली. नान्सिकोंबीने उंबऱ्याबाहेरच मातीत गुडघे टेकले.

‘‘ते घरी नाहीत,’’ नालोंगो म्हणाली.

‘‘कधी येतील?’’

‘‘काय सांगू? गेलेत लांब कुठेतरी.’’

आत रेडिओचा आवाज एकदम कमी झाला.

‘‘गेली का गं ती?’’ आतून वालुसिंबींनी विचारलं.

नालोंगोने मान खाली घातली. मग वर पाहून, नान्सिकोंबीच्या डोळ्यांत बघत, ती मोठ्याने म्हणाली, ‘‘गेली.’’

रेडिओ पुन्हा मोठा झाला. नान्सिकोंबी अजून गुडघ्यांवरच होती.