शेवटचा डोळा

तिसरा डोळाही पितांबरआबांच्या चाकूखाली मधोमध फाटला. आबांनी तो बाजूला टाकला आणि आपल्या उजव्या हाताकडे रागाने पाहिलं.

अर्धांगाच्या झटक्यानंतर तो हात त्यांचं ऐकत नव्हता, आणि झोपही पळाली होती. शिरपूरहून लेक चारुलता रोज दुपारी फोन करून आधी तेच विचारी, "माय, आबाना डोया लागना का?" आबांचा डोळा काही लागलेला नसे; सुनंदाबाई रोज "नही" म्हणत.

सकाळीच बांधावरची बोर तोडली गेली होती. पुतण्या हेमराजला तिथून केळीच्या ठिबकचा पाइप न्यायचा होता, आणि बांध त्याच्या वाट्याचा. निदान एक फांदी ओल्या गोणपाटात गुंडाळून आणून देण्याइतकी माया त्याने दाखवली. ती बोर आबांनी स्वतः कलम केलेली; तशी गोडी भडगावात दुसऱ्या झाडाला नव्हती. पानाच्या देठाशी जी बारीक कळी असते, तो डोळा. तो काढून गावठी रोपाच्या सालीत बसवायचा. जगला, तर तीच बोर पुन्हा. रोप अंगणात रंगाच्या जुन्या डब्यात तयार होतं. फांदीवर मात्र आता एकच धड डोळा उरला होता.

"द्या तो चाकू मन्हाकडे," सुनंदाबाई म्हणाल्या.

"तुले जमनार नही."

"तुम्हले तरी कोठे जमी ऱ्हायनं?"

आबा चाकूच्या बाबतीत भारी सोवळे. लग्न झाल्यापासून सुनंदाबाईंनी त्या चाकूने साधं लिंबूही चिरलं नव्हतं. आज त्यांनी तो आबांच्या मुठीतून काढूनच घेतला.

"साल तेवढी काढ. लाकूड येवाले नको."

"तुम्ही बोलू नका. मन्हा हात हालस."

त्यांना राग आला होता; हेमराजचा, त्या झटक्याचा, आबांच्या हट्टाचाही. पण हात हलला नाही. डोळा सालीसकट निघाला. देठाला धरून त्यांनी तो रोपाच्या चिरेत सरकवला आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधला. डोळा तेवढा उघडा ठेवला.

आबांनी डाव्या अंगठ्याने पट्टी चाचपली.

"ढिली शे."

सुनंदाबाईंनी ती सोडून पुन्हा आवळली.

देठ सुकून चिकटून राहिला, तर डोळा मेला. बोट लावताच गळाला, तर लागला. हे आबांनीच सांगितलं, आणि मग त्यांनाच धीर धरवेना. खाट डब्याजवळ ओढायला लावून ते देठाकडे बघत पडत. बोट पुढे आलं की सुनंदाबाई ते मागे सारत. शेजारच्या लताबाईंच्या कोंबड्यांना त्यांनी अंगणबंदी केली आणि उन्हासाठी डब्यावर जुनं लुगडं बांधलं.

एका दुपारी देठ पिवळा दिसला. सुनंदाबाईंनी पदराला बोट पुसलं आणि हळूच लावलं. देठ गळून तळहातावर पडला. खाली डोळा हिरवा होता, टपोरा.

आबांना सांगायला त्या वळल्या आणि तिथेच थांबल्या. आबा तोंड उघडं टाकून घोरत होते.

तेवढ्यात फोन वाजला. तो घेऊन त्या लगबगीने दारापर्यंत गेल्या.

"माय, डोया लागना का?"

"लागना बाई. हिरवागार शे."

"हिरवागार? मी आबानं इचारस."

सुनंदाबाईंनी खाटेकडे पाहिलं. तळहातावरचा देठ त्यांनी अजून टाकला नव्हता.

"त्यास्नाबी लागना," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "आते फोन ठेव. जागा व्हतीन."