सोलेदादच्या उतारावर वेर्नाची परीक्षा

आमच्या सोलेदाद तलावावर करमणुकीची साधनं दोनच: मासे आणि दुसऱ्याची फजिती. धरणाचं पाणी वर्षागणिक खाली चाललंय, त्यामुळे मासेही आटत आलेत. फजितीला मात्र अजून तोटा नाही.

मी ऑर्लिंडा बाका. अकरा वर्षं इथल्या, ट्रेलर-घरं घेऊन येणाऱ्या पाहुण्यांच्या छावणीची राखण करते. पगार नाही. माझं ट्रेलर-घर उभं करायला फुकट जागा, वीज, पाणी आणि येणाऱ्याजाणाऱ्याला शिस्त लावायचा अधिकार, एवढंच मिळतं. त्या अधिकारासाठी मी पदरचे पैसेसुद्धा मोजले असते.

सुट्टीच्या शनिवारी सकाळी आम्ही नेहमीचे लोक घडीच्या खुर्च्या घेऊन बोटी उतरवायच्या काँक्रीटच्या उताराशेजारी बसतो. हातात हिरव्या मिरचीचे बरीटो, म्हणजे सारण भरलेल्या पोळीच्या गुंडाळ्या, आणि कागदी बश्या. खाऊन झालं की बशीमागे आकडा लिहायचा आणि ज्याने बोट पाण्यात सोडली त्याला दाखवायचा. बोट सुटेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही आणि मदतही करायची नाही, हा नियम. मुख्य परीक्षक हॉलिस. चाळीस वर्षं मालट्रक चालवून निवृत्त झालाय आणि दहापैकी सातच्या वर गुण द्यायला त्याचा हात धजत नाही.

आता वेर्ना आणि एल्डनबद्दल सांगते. हे नेब्रास्काचं जोडपं. लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली, त्यातली तेवीस वर्षं हिवाळ्यापासून मेअखेरपर्यंत मुक्काम इथेच. पिकअपला जोडलेलं ट्रेलर-घर चालवायचं एल्डनने आणि मागे उभं राहून हातवारे करायचे वेर्नाने, अशी त्यांची वाटणी. ट्रेलर नीट लागला तर एल्डन हुशार. झाडाला घासला तर वेर्नाने हात चुकीचा हलवला. एकदा तर त्याने माझा पाण्याचा नळ उखडला आणि म्हणाला, "नळ मागच्या वर्षी इथे नव्हता." एल्डनने स्वतःची चूक कबूल केलेली आजवर कुणी ऐकलेली नाही. तसा माणूस लाखमोलाचा आहे, मासा साफ करून द्यायला कधीही तयार असतो. पण त्याचं कधी काही चुकत नाही.

यंदा एप्रिलमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याचं गाडी चालवणं बंद केलं. "थोडं धूसर दिसतं, बस्स," असं तो सगळ्यांना सांगत होता. मग अल्बुकर्कीहून त्यांच्या मुलीचा, जोलीनचा, फोन आला. ट्रेलर विकायचा, बोट विकायची आणि दोघांनी तिच्या घराजवळ दोन खोल्यांत राहायला यायचं.

"दोन खोल्या!" वेर्ना माझ्याकडे येऊन म्हणाली. "ऑर्लिंडा, त्या दोन खोल्यांत हा दिवसभर मला सूचना देईल. इथे निदान बाहेर पळायला वाळवंट तरी आहे!"

ती हसत होती, पण डोळे भरून आले होते. सकाळी सहाला बोटीत बसून कॉफी पिणं म्हणजे वेर्नाचं देवळात जाणं होतं. ते सुटलं असतं तर ती खचली असती, हे मला स्पष्ट दिसत होतं.

मग तिनेच जोलीनला फोन लावला. "ट्रेलर मी चालवते."

जोलीन म्हणाली, "ठीक आहे आई. मेअखेरच्या सुट्टीत मी येते. त्या गर्दीत, सगळ्यांसमोर, बोटीचा गाडा पिकअपने मागे मागे नेऊन बोट पाण्यात सोडून दाखव. ते जमलं तर ट्रेलर कुठेही नेशील, मी एक शब्द बोलणार नाही. नाही जमलं तर विकायचा."

हातात एक महिना होता. आठवड्याच्या मधल्या दिवशी गाडीतळ रिकामाच असतो. तिथे मी नारिंगी शंकू मांडले, वेर्ना पिकअपमध्ये बसली आणि एल्डन मागे उभा राहून शिकवू लागला.

"डावीकडे! अगं डावीकडे! माझ्या डावीकडे!"

"तुझी डावी बाजू मला कशी कळणार? तू तोंड तिकडे करून उभा आहेस!"

"मी बोटीकडे बघतोय! कुणीतरी बघायला नको?"

पहिल्या आठवड्यात चार शंकूंचा चेंदामेंदा झाला. एल्डनच्या मते शंकूच फार बुटके होते. मी त्याला सावलीत बसवलं आणि वेर्नाच्या खिडकीशी गेले. "हे बघ, हात स्टिअरिंगच्या तळाशी धर. हात उजवीकडे नेलास की बोटीचं बूड उजवीकडे जाईल. डावीकडे नेलास की डावीकडे. बाकी सगळं विसर. त्याला तर आधी विसर."

तिसऱ्या आठवड्यात बोट सरळ रेषेत मागे जाऊ लागली. एल्डनने आपल्याकडे एकच काम ठेवलं. बोट तिच्या चाकांच्या गाड्याला जखडणारे मागचे दोन पट्टे उताराआधी सोडायचे. "एवढं तरी मला करू द्या," म्हणाला. आम्ही करू दिलं.

शनिवार उजाडला. नऊ वाजता उतारासमोर वीसेक बोटींची रांग होती, उन्हाने मान भाजत होती आणि आमच्या खुर्च्या दोन रांगांत भरल्या होत्या. जोलीन माझ्या शेजारी हाताची घडी घालून उभी. मी बरीटो पुढे केला, तिने घेतला नाही.

वेर्नाचा नंबर आला. रांगेच्या कडेला एल्डन बोटीमागे वाकला, हाताने काहीतरी चाचपलं, मग बोटीवर थाप मारून ओरडला, "तयार!" पिकअप हळूहळू मागे येऊ लागली. आधी आम्ही गमतीने बघत होतो, मग खायचंच विसरलो. गाडी ना डगमगली, ना थांबली. बोट सरळ पाण्यात गेली. हॉलिसने पेन काढून बशीवर नऊ लिहिले. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, नऊ!

आणि बोट तिरकी झाली. उजवी बाजू पाण्यावर तरंगली, डावी खालीच अडकून राहिली. वेर्नाने गाडी थोडी पुढे घेतली, थोडी मागे घेतली. बोट आणखी कलंडली आणि मागच्या बाकावरची कॉफीच्या सामानाची पेटी घरंगळत तलावात गेली. रांगेतून भोंगे वाजायला लागले. कुणीतरी ओरडलं, "आजीबाई, उद्या या!" हॉलिसने बशी मांडीवर पालथी घातली.

काय झालंय हे वेर्नाला कळेना. आरशात तिचा चेहरा दिसत होता. एवढी भेदरलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

एल्डन कमरेएवढ्या पाण्यात शिरला. त्याने बोटीच्या मागे हात घातला आणि जागीच थबकला. डावा पट्टा तसाच होता, ताणून दोरीसारखा कडक झालेला. पट्टे सोडायचं काम त्याचं हे ठाऊक असल्याने माझ्या लक्षात आलं, पण उतारावर बाकी कुणाला दिसणं शक्य नव्हतं. तो गप्प राहिला असता, तर दोष वेर्नाच्या माथी गेला असता आणि एक्कावन्न वर्षांची रीत पाळली गेली असती. नियम मोडून तोंड उघडावं का, असा मी विचार करत होते.

तेवढ्यात जोलीन खाली चालू लागली. "आई, पुरे. उतर खाली. मी घेते गाडी."

वेर्नाने इंजीन बंद केलं आणि दार उघडलं.

"थांब!" एल्डन पाण्यातून म्हणाला. "तिने काही केलेलं नाही. पट्टा राहिलाय. माझ्याकडून राहिला." त्याने पट्ट्यावरचा हात काढला. "मला तो दिसला नाही, जोलीन. धूसरबिसर काही नाही. समोरचं दिसतच नाही मला. चूक माझी आहे."

भोंगे थांबले. मी बरीटो खाली ठेवला.

वेर्ना एक पाय पायरीवर ठेवून नवऱ्याकडे बघत राहिली. आता ही रडणार, असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

"एल्डन," ती म्हणाली, "पुन्हा एकदा म्हण. जरा मोठ्याने. मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही."

"वेर्ना, लोक बघताहेत!"

"म्हणून तर."

एल्डनने छाती भरून श्वास घेतला आणि सगळ्या सोलेदाद तलावाला ऐकू जाईल असं ओरडला, "चूक माझी आहे!"

रांगेतून टाळ्या पडल्या. जोलीन हसत, डोळे पुसत, बुटांसकट पाण्यात उतरली. वेर्नाने गाडी हातभर वर घेतली, पट्टा सैल पडला, जोलीनने तो सोडला. पिकअप पुन्हा मागे गेली आणि बोट एकदाची सुटून पाण्यावर आली. जोलीनने दोर धरला. "आई पास," ती आमच्याकडे बघून म्हणाली. "ट्रेलर राहू दे तिच्याकडे."

हॉलिसने बशी सरळ केली, नऊ खोडून दहा लिहिले आणि कुणी बघायच्या आत पुन्हा पालथी घातली.

आता पिकअप वर नेऊन लावायची होती. ओल्या पँटनिशी एल्डन पाण्याबाहेर आला. महिनाभर तो त्या गाडीच्या मागेपुढे चालत होता, आत एकदाही बसला नव्हता. सवयीने तो चालकाच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

वेर्नाने काच खाली केली. "तिकडून," ती हळू आवाजात म्हणाली.

त्याने मान हलवली आणि बॉनेटवर हात ठेवून, चाचपत, वळसा घालून पलीकडे गेला. तो बसून सीटचा पट्टा लावेपर्यंत वेर्ना थांबली. मागची रांगही थांबली, आणि भोंगा कुणीच वाजवला नाही.